कणकुंबीचा नाका

इनास म्हणाला, बांगड्याला आमिष लागत नाही,
चकाकी लागते.
म्हणून शनिवारी सेकंड शिफ्ट सुटताना
लेथखालच्या ट्रेमधून मी कीस वेचला,
स्टेनलेसचा, कुरळा, तापून निळा पडलेला.
बोटभर तुकडे कापले,
सहा गळांना सहा, रेशमाच्या दोऱ्यानं.
फोरमन बसगौडा बघत होता.
काय करालायस, म्हणाला.
म्हटलं, दागिने.

उद्यमबाग ते शापोरा,
चोर्ल्याच्या धुक्यात स्कूटर, मागं इनास,
त्याच्या मांडीवर थर्माकोलचा डबा
आणि अठ्ठावीस वर्षं ओतकाम केलेला खोकला.

जेटीवर दहा-बारा जण आधीच उभे.
कुणी कुणाशी बोलत नाही.
दोरी सोडायची, शिसं तळाला टेकलं की मनगट उचलायचं,
पुन्हा सोडायची,
विहिरीत घागर बुडली का बघतात तसं.
तासभर काही नाही.
माझं लक्ष चहावाल्याकडं गेलं
आणि खालून कुणीतरी कडी वाजवली.
एकदा नाही. तीनदा, घाईनं,
जणू मीच आत होतो आणि ते बाहेर.

तिघं एका दोरीला वर आले.
पाठ हिरवी, कुशीला सोनेरी रेघा,
आणि पंखाखाली काळी तीट,
आईनं लावून पाठवल्यासारखी.
तरी दृष्ट लागलीच.
फरशीवर आपटत राहिले
आणि माझ्या देखत सोनं उतरत गेलं.
इनास म्हणाला, ह्याला थांबता येत नाही,
थांबला की गुदमरतो.
मग स्वतःच बराच वेळ खोकला.

दुपारपर्यंत तेरा.

परतताना कणकुंबीला नाक्यावर अडवलं.
गोव्याकडनं येणारा डबा म्हणजे बाटलीच असणार,
हे नाक्याला पाठ.
पोऱ्या तिशीतला, छातीवरची पट्टी कन्नडमध्ये,
मी अक्षरं जुळवत वाचली: हरिकंत्र.
डब्यात काय, त्यानं कन्नडमध्ये विचारलं.
इनासला कन्नड येतं चांगलं,
पण तोंडातून कोकणीच निघालं: बांगडे.
बंगुडे? तो म्हणाला,
आणि त्याचा आवाज एकदम
खाकीतून बाहेर आला.

झाकण उघडलं. बर्फ बाजूला केला.
अंगठ्यानं कल्ला उचलून आतली लाली बघितली,
हे शिकवलेलं नव्हतं, हे घरचं होतं.
होन्नावरला आजोबांची होडी, म्हणाला.
इथं डोंगरात चार वर्षं, रोज सांबार.
बोलता बोलता हात खोल गेला,
माश्यांच्या खाली, बर्फाच्या खाली,
आणि थांबला.
काचेला लागला होता. मला कळलं.
इनासनं रस्त्यापलीकडं झाडं बघितली.
पोऱ्यानं हात काढला, पँटला पुसला,
बर्फ पुन्हा नीट थापला,
लेकराला पांघरूण घालावं तसा.
इनासनं दोन बांगडे मराठी पेपरात गुंडाळून दिले.
त्यानं पेपर हुंगला.
जावा, म्हणाला, मराठीत.

मजगावला पोचलो तर दिवे लागलेले.
पाच इनासच्या घरी, सहा आमच्या.
हिनं मोजले, काही बोलली नाही,
तिरफळं ठेचायला घेतली.
वर मालक शिवलिंगय्यांनी नेहमीप्रमाणं
खिडकी लावून घेतली, राग नाही, रविवार.
ब्याडगी, खोबरं, आमसुलं,
रव्यात घोळलेले दोन तव्यावर,
वैजूनं डोकं मागितलं, तिला डोकं आवडतं.
मी खाल्लं.
घासागणिक ती कडी वाजल्याचं आठवत होतं
आणि तरी मागून घेतलं, हेही खरं.

सोमवारी बसगौडा मशिनपाशी आला.
दागिने खपले का?
पाच परत आणले, म्हटलं. सहावा पाण्यात राहिला.
तो हसला नाही.
पायानं ट्रे माझ्याकडं सरकवला
आणि पुढच्या लेथकडं गेला.